अझ्युर सर्व्हिस बस: काम पूर्ण होईपर्यंत मेसेज रांगेतच ठेवा

अझ्युर सर्व्हिस बस ही मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची मेसेजांची रांग: एक प्रोग्रॅम तिच्यात मेसेज (समजा, एखादी ऑर्डर) टाकतो, दुसरा म्हणजे रिसीव्हर तो घेऊन काम करतो. मेसेज घेण्याचे दोन मोड आहेत: 'रिसीव्ह अँड डिलीट' आणि 'पीक-लॉक'. 'रिसीव्ह अँड डिलीट' मोडमध्ये मेसेज हातात पडतो तेव्हाच रांगेतून पुसलेला असतो. पुढच्या क्षणी प्रोग्रॅम कोसळला तर ती ऑर्डर कायमची गेली. एखादी नोंद हरवली तरी चालेल अशा लॉगपुरताच हा मोड ठीक. पैसे किंवा ऑर्डर असतील तिथे पीक-लॉकच वापरा. मोड सांगितला नाही, तर पायथन आणि डॉटनेटच्या लायब्ररी पीक-लॉकच धरतात.

पीक-लॉकमध्ये मेसेज रांगेतच राहतो, फक्त लॉक असेपर्यंत दुसऱ्या रिसीव्हरला मिळत नाही. मेसेज घ्या, काम करा, निकाल डेटाबेसमध्ये कमिट करा आणि मगच 'कम्प्लीट' करा, म्हणजे काम झालं, मेसेज पुसा, असं रांगेला कळवा. डॉटनेटच्या प्रोसेसरमध्ये (प्रत्येक मेसेजसाठी तुमचा कोड, म्हणजे हँडलर, चालवणारा भाग) ऑटो-कम्प्लीट मुळात चालू असतं. हँडलरमध्ये एरर पकडून नुसती लॉगमध्ये लिहिलीत, तर काम झालं असं समजून प्रोसेसर तो मेसेज पुसतो. हे हमखास घडतं, म्हणून ऑटो-कम्प्लीट बंद करून कम्प्लीट स्वतः लिहिणंच बरं.

लॉकची मुदत सहसा 1 मिनिट असते, ती रांगेच्या सेटिंगमध्ये जास्तीत जास्त 5 मिनिटं करता येते. काम त्याहून लांबत असेल तर लॉकचं नूतनीकरण करत राहा. पायथनमध्ये ऑटो-लॉक-रिन्यूअर ते करतो, पण त्याचीही मूळ मर्यादा 300 सेकंदच आहे. सर्वांत लांब चालणाऱ्या कामाचा वेळ मोजून ती वाढवा. एकदम 50 मेसेज उचलून एकामागोमाग एक हाताळलेत, तर शेवटच्यांचे लॉक त्यांची पाळी येण्याआधीच संपतात. प्रीफेचमध्येही (पुढचे मेसेज आधीच उचलून ठेवण्याची सोय) हेच होतं, म्हणून काम संथ असेल तर प्रीफेच शून्य ठेवा.

काम फसलं तर 'अबँडन' करा, म्हणजे लॉक सोडून मेसेज रांगेला परत द्या. मात्र अबँडन केलेला मेसेज लगेच परत मिळतो, मध्ये विश्रांती नसते. मूळ सेटिंगमध्ये 10 प्रयत्नांची मर्यादा आहे. डेटाबेस बंद असेल तर ते काही सेकंदांत संपतात आणि चांगले मेसेज डेड-लेटर रांगेत (न हाताळता आलेल्या मेसेजांची वेगळी रांग) जातात. अशा वेळी डेटाबेस परत येईपर्यंत मेसेज घेणंच थांबवा. उलट मेसेजमधला जेसन (डेटा लिहिण्याचा साचा) मजकूरच मोडका असेल तर पुन्हा प्रयत्न करून काय मिळणार? तो मेसेज कारण लिहून थेट डेड-लेटरमध्ये टाका. त्या रांगेतले मेसेज आपोआप साफ होत नाहीत, तेव्हा तिच्या संख्येवर अलर्ट लावा.

कमिट झालं आणि कम्प्लीट पोचण्याआधी लॉक गेला, तर तोच मेसेज पुन्हा येणार. हे टाळता येत नाही, पचवावं लागतं. मेसेज आयडीसाठी युनिक कॉलम असलेलं टेबल ठेवा आणि कामाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्यात नोंद करा. नोंद आधीच असेल तर काम न करता फक्त कम्प्लीट करा. रांगेची डुप्लिकेट डिटेक्शन सोय इथे उपयोगाची नाही. पाठवणाऱ्याने तोच मेसेज दोनदा पाठवला, तर तेवढाच ती अडवते.