पाठ केलेले सिद्धांत आणि समोरचा माणूस

एचआरचा अभ्यास सुरू केला तेव्हा मानसशास्त्रज्ञ मास्लोच्या पाच गरजा (भूक-तहान, सुरक्षितता, आपलेपणा, मान आणि स्वतःला पूर्ण घडवणं, अशा पायरीपायरीने मांडलेल्या) मला झोपेतून उठवलं तरी सांगता आल्या असत्या. पण १९४३च्या मूळ लेखात पिरॅमिडची आकृतीच नाही, आणि गरजांचा क्रम काही माणसांत उलटसुलट होतो हे मास्लोनेच त्यात लिहिलंय, हे कळायला फार उशीर झाला. नोट्स वाचाच, पण मूळ लेख मिळाला तर तो आधी.

पहिल्या नोकरीत एक ज्येष्ठ सहकारी होते. दर महिन्याचा रिपोर्ट तेच करायचे. हळूहळू त्यांचं काम ढिलं पडायला लागलं. मी मॅनेजरना पगारवाढ सुचवली. ती मिळाली, कुरकुर थांबली, काम मात्र होतं तसंच राहिलं. मग कामातल्या प्रेरणेवर लिहिणारा मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग पुन्हा उघडला. त्याने सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारलं होतं, नोकरीत फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी? वाईटाच्या आठवणींत कंपनीची धोरणं आणि वरिष्ठांची देखरेख जास्त आली. चांगल्याच्या आठवणींत काही करून दाखवल्याचं समाधान आणि कौतुक. नाराजी गेली म्हणून उमेद येतेच असं नाही, हा त्याचा निष्कर्ष. (परीक्षेत यावरची टीकाही लिहा: माणूस यशाचं श्रेय स्वतःकडे घेतो आणि अपयशाचं खापर परिस्थितीवर फोडतो, त्यामुळे उत्तरं तशी आली असतील.)

माझ्या सगळ्यात उपयोगी पडला तो व्रूमचा १९६४चा अपेक्षा सिद्धांत. मेहनत केली तर काम नीट होईल का, काम नीट झालं तर त्यातून काही मिळेल का, आणि जे मिळेल ते मला हवंय का? काम करायची उमेद म्हणजे या तिन्हींचा गुणाकार, बेरीज नाही. एक शून्य, तर सगळं शून्य.

मी त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यांनी फोल्डर उघडून दाखवला. सहा महिन्यांचे रिपोर्ट, एकाही फाईलवर कुणाचा एक शेरा नाही. "मी लिहितो हो, पण वाचतं कोण?" व्रूमच्या तीन प्रश्नांतला मधला दुवाच तुटला होता.

मीटिंगमध्ये रिपोर्ट त्यांनीच मांडावा, हे मला आधी सुचायला हवं होतं. पण 'ते अंतर्मुख आहेत' असा शिक्का मीच मारून ठेवला होता. व्यक्तिमत्त्वाच्या पंचघटक प्रारूपात, म्हणजे स्वभाव पाच गुणांत मोजणाऱ्या मांडणीत, बहिर्मुखता हा एक गुण आहे, कमी-जास्त प्रमाणात प्रत्येकात असणारा. दोन कप्पे नाहीत. शिवाय बॅरिक आणि माउंट या संशोधकांच्या १९९१च्या विश्लेषणात, या पाचांपैकी, पाहिलेल्या सगळ्या व्यवसायगटांत कामगिरीशी सातत्याने जोडलेला दिसला तो गुण कर्तव्यदक्षता. ती त्यांच्यात काठोकाठ होती.

मी विचारल्यावर ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "तिसरं कोष्टक जरा बदलावं लागेल." मीटिंगच्या दिवशी ते माझ्याआधी येऊन बसले होते आणि प्रिंटवर पेन्सिलीने आकडे तपासत होते.