जावात क्लास आणि ऑब्जेक्ट शिकताना या चुका टाळा

हिंगणघाट, वणी, पांढरकवड्याकडच्या मुलांना कापसाचा काटा आणि पट्टी लहानपणापासून ठाऊक असते. म्हणून जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवताना मी उदाहरण कापूस खरेदीचंच घेतो. ‘शेतकरी’ नावाचा क्लास म्हणजे साचा, त्यात नाव आणि वजन; त्या साच्यातून घडवलेला एकेक शेतकरी म्हणजे ऑब्जेक्ट.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक इथेच होते. प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या मेन मेथडमधून (ती स्टॅटिक असते) थेट वजन वापरलं की कंपायलर अडवतो: नॉन-स्टॅटिक व्हेरिएबल स्टॅटिक ठिकाणाहून वापरता येत नाही. मुलं लगेच वजनाला स्टॅटिक लावून मोकळी होतात. एरर जाते, प्रोग्रॅम चालतो. आता पहिल्या शेतकऱ्याचं वजन १२ क्विंटल भरा, दुसऱ्याचं ८ भरा आणि दोघांचंही छापा. दोन्हीकडे ८ येतं! स्टॅटिक व्हेरिएबल ऑब्जेक्टगणिक वेगळं नसतं, अख्ख्या क्लासचं मिळून एकच असतं. म्हणून आधी न्यू वापरून ऑब्जेक्ट तयार करा, मग त्याच्याच वजनाला हात लावा. स्टॅटिक शोभतं ते हमीभावासारख्या, सगळ्यांना सारख्या असलेल्या गोष्टीला.

असंच टाइपचं. १२.७५ क्विंटल इंटमध्ये, म्हणजे फक्त पूर्णांक ठेवणाऱ्या टाइपमध्ये, ठेवायला गेलात तर कंपायलर ‘लॉसी कन्व्हर्जन’ म्हणून थांबवतो. कंसात इंट लिहून त्याचं तोंड बंद केलं, की ७५ किलो कापूस हिशोबातून गेला. तो अडवतो ते तुमच्याच भल्यासाठी. वजनाला डबल, म्हणजे दशांश ठेवणारा टाइप, घ्या.

गावाचं नाव == ने ताडून पाहू नका, इक्वल्स वापरा. स्कॅनरने वाचलेलं ‘वणी’ आणि कोडमध्ये लिहिलेलं ‘वणी’ हे दोन वेगळे ऑब्जेक्ट आहेत; == ऑब्जेक्ट तोच आहे का ते पाहतं, इक्वल्स आतली अक्षरं पाहतं.

इन्हेरिटन्सचा, म्हणजे एका क्लासने ‘एक्स्टेंड्स’ लिहून दुसऱ्याचं सगळं वारशाने घेण्याचा, मोह तर फार. बाजार समितीच्या मेथड हव्यात म्हणून शेतकरी क्लासला बाजार समिती एक्स्टेंड करायला लावतात. ‘शेतकरी ही एक बाजार समिती आहे’ असं मोठ्याने म्हणून पाहा. वाक्य पटत नसेल तर एक्स्टेंड्स काढा आणि समितीचा ऑब्जेक्ट फील्ड म्हणून, म्हणजे नाव-वजनासारखाच क्लासच्या आत, ठेवा.

शेवटी नल पॉइंटर, म्हणजे जिथे ऑब्जेक्टच नाही (नल) तिथे तो वापरायला गेल्यावर येणारी एरर. दहा शेतकऱ्यांचा ॲरे (ओळीने दहा जागा) केला म्हणजे शेतकरी तयार झाले नाहीत. दहाही जागी नल आहे, प्रत्येक जागी न्यू करून ऑब्जेक्ट ठेवावा लागतो. जावा १५ पासून नेमकं काय नल होतं तेही एररमध्ये आपोआप छापून येतं. लॅबमध्ये अजून जावा ८ असेल तर ओळीचा नंबर पाहा आणि त्या ओळीत डॉटच्या डावीकडे काय आहे ते आधी तपासा.