गेमसाठी पेंटिंग करताय? या चुका टाळा, मी सगळ्या केल्यात

वॉटरकलर लँडस्केप करता करता गेम आर्टमध्ये घुसलेल्यांची एक ठरलेली तक्रार असते, फोटोशॉपमध्ये एवढं भारी दिसत होतं आणि इंजिनमध्ये (गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकलं की पार माती झाली. मी पण हेच म्हणायचो. इंजिनला शिव्या घालायच्या आधी खालचं तपासा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ऊन-सावली टेक्श्चरमध्येच, म्हणजे थ्रीडी मॉडेलवर चढवायच्या चित्रातच, रंगवून टाकणं. कागदावर आपल्याला सवयच ती, ऊन कुठून येतंय ते ठरवायचं आणि एका वॉशमध्ये सावल्या मारून मोकळं व्हायचं. मी एका वाड्याची भिंत अशीच केली, डावीकडून सकाळचं ऊन, खांबांच्या निळसर सावल्या, सगळे खूश, आणि मग लेव्हलमध्ये बघतो तर सूर्य उजवीकडे लावलेला, प्रत्येक खांबाला दोन-दोन सावल्या आणि भर दुपारी भिंत काळीठिक्कर. कारण सोपं आहे, इंजिन टेक्श्चरचा रंग लाइटने गुणतं, म्हणजे आधीच गडद केलेल्या जागेवर खरी सावली पडली की तिथे काही उरतच नाही. मग एक तर मटेरियल अनलिट (लाइटचा परिणाम न होणारं) ठेवा आणि सगळं स्वतः रंगवा, पण हे कॅमेरा आणि सूर्य जागचे हलणार नसतील तरच, किंवा ‘ग्रिस’सारखा (२०१८) बाजूने दिसणारा टूडी गेम असेल तर. नाहीतर टेक्श्चरमध्ये फक्त वरून खाली हलका ग्रेडियंट द्या, खाचाखोचांत थोडा गडद, उबदार रंग, आणि काळ्याच्या जवळपास जाऊच नका. चेक करायला मॉडेल लाइटखाली गोल फिरवा, एखाद्या बाजूने विचित्र दिसलं की समजा ऊन रंगवलं गेलंय.

दुसरी चूक, फटकारे. पेंटरली, म्हणजे हाताने रंगवल्यासारखा लुक, म्हटलं की ब्रश दिसलाच पाहिजे हे कुणी सांगितलं देव जाणे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) बघा, त्यात टेक्श्चर हाताने रंगवलेत आणि प्रेरणा पहाडी शैलीच्या लघुचित्रांची, आणि पहाडी चित्रांत कुठे असतो जाड फटकारा, तिथे सपाट रंग आणि बारीक रेघ. भिंतीवर फटकारे, गवतावर फटकारे, हिरोच्या सदऱ्यावर पण फटकारे असं केलं की प्लेअरला आपला माणूसच सापडत नाही. ‘टीम फोर्ट्रेस २’वाल्यांनी (२००७) लेयनडेकरसारख्या जुन्या अमेरिकन इलस्ट्रेटर्सकडून शिकून कॅरेक्टर पायाशी गडद आणि छातीकडे उजळ ठेवले, म्हणजे नजर आपोआप हातातल्या शस्त्राकडे जाते. आपले सर सांगायचे ना डोळे बारीक करून बघ, तेच इथे करायचं, स्क्रीनशॉट ब्लॅक अँड व्हाइट करा, पोस्टाच्या तिकिटाएवढा करा आणि हिरो शोधा. दाराचा फटकारा हाताएवढा आणि शेजारच्या माठाचा सुईएवढा दिसत असेल तर सगळ्यांवर चेकर टेक्श्चर (बुद्धिबळाच्या पटासारखं) लावून त्याचे चौकोन सगळीकडे सारख्या मापाचे करून घ्या.

आणि तो कुवाहारा फिल्टर, बारीक तपशील पुसून चित्राचे रंगीत डाग करणारा! मुळात १९७६ मध्ये जपानमध्ये हृदयाच्या मेडिकल इमेज साफ करायला काढलेला, आज यूट्यूबवर एका क्लिकमध्ये ऑइल पेंटिंग म्हणून विकतात. स्क्रीनशॉट खरंच छान येतो. पण स्क्रीनवर असा फिल्टर लावून कॅमेरा हलवला की डाग काचेला चिकटल्यासारखे वाटतात आणि मागे जग सरकतं, बाथरूमच्या नक्षीच्या काचेतून बघितल्यासारखं, याला म्हणतातच शॉवर डोअर इफेक्ट. १९९६ मध्ये कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्या बार्बरा मायरने यावर उपाय मांडला होता, वस्तूच्या पृष्ठभागावर कण चिकटवायचे आणि प्रत्येक कणाच्या जागी ब्रशचा फटकारा काढायचा, म्हणजे फटकारा वस्तूबरोबर हलतो. आज पण तेच, फटकारे टेक्श्चरमध्ये ठेवा किंवा मॉडेलला चिकटलेल्या छोट्या सपाट तुकड्यांवर (कार्डांवर).

रंग मरगळलेत? अनलिट चौकोनावर आपला पिवळा ठेवा, स्क्रीनशॉट घ्या, आयड्रॉपरने (रंगाचे आकडे दाखवणारं टूल) मूळ पिवळ्याशी आकडे जुळतात का बघा. नाही जुळले तर टोनमॅपर (शेवटी स्क्रीनसाठी रंग-उजेड बदलणारी पायरी) नाहीतर टेक्श्चरच्या सेटिंगमधली एसआरजीबीची (रंग कसे वाचायचे ते सांगणारी) टिक बघा, अनरिअल इंजिनचा टोनमॅपर न विचारता रंग बदलतो. आकाशाच्या वॉशमध्ये चौकोनी डाग किंवा पट्टे आले तर ते कॉम्प्रेशन, म्हणजे टेक्श्चर दाबून छोटं करणं, त्यातली बीसी१ ही पद्धत प्रत्येक ४ बाय ४ पिक्सेलच्या ठोकळ्यात दोनच रंग साठवतं आणि मधले अंदाजाने भरतं. तेवढ्या टेक्श्चरला बीसी७ ही दुसरी पद्धत द्या, मेमरी दुप्पट लागेल, म्हणून दगडमातीला नको.

पानांच्या कडेला पांढरी किनार दिसत असेल तर चूक कागदाच्या सवयीची आहे, आपण पान पांढऱ्यावर रंगवतो आणि पारदर्शक भागाखाली पांढरंच राहतं, ते लांबून बघताना कडेत मिसळतं. पानाचा हिरवा कडेबाहेर थोडा पसरवा आणि मगच अल्फा (पारदर्शकतेचा भाग) कापा.