मुंबई ते न्यूयॉर्क : प्रवासाचे तास मोजताना या चुका टाळा

मुलाकडे पहिल्यांदाच निघालेले आई-बाबा तिकीट बघून बोटांवर हिशेब करतात : मुंबईहून रात्री दीडला निघायचं, त्याच दिवशी सकाळी साडेसातला न्यूयॉर्क. म्हणजे सहाच तास! तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथले साडेसात म्हणजे आपले संध्याकाळचे पाच. खरा प्रवास साडेपंधरा तासांचा. दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत लिहा, मगच वजाबाकी करा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत हा फरक साडेदहा तासांचा राहतो.

याहून महागात पडते ती तारखेची चूक. माझ्या मावशीचं विमान १२ तारखेला रात्री १२:५० चं होतं. मावशी आणि काका साताऱ्याहून निघून १२ तारखेच्या रात्री नऊला विमानतळावर पोचले. विमान वीस तासांपूर्वीच गेलेलं! रात्री बारानंतरचं विमान असेल तर घरातून आदल्या दिवशीच निघायचं. कॅलेंडरवर विमानाची नव्हे, घर सोडायची तारीख आणि वेळ लिहा, तीही ठळक.

अंतराचा घोळ नकाशामुळे होतो. भिंतीवरच्या नकाशात मुंबई-न्यूयॉर्क सरळ रेघ ओढली तर ती अरबस्तान आणि सहारावरून जाते. पृथ्वी गोल असल्यामुळे जवळची वाट मात्र मध्य आशिया, रशिया आणि थेट आइसलँडवरून जाते. ते अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. त्याला ताशी ९०० ने भागलं की चौदा तास येतात, पण जाताना लागतात पंधरा-सोळा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा जाताना विमानाला अडवतो, येताना मागून ढकलतो. म्हणून परतीला तास-दोन तास कमी लागतात. शिवाय विमान दरवेळी जवळच्या वाटेनं जाईलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा कितीतरी उड्डाणांना वळसा पडला. त्यामुळे शेजाऱ्यांना दोन वर्षांपूर्वी किती तास लागले होते, यावर विसंबू नका. आपल्याच तिकिटावरचा कालावधी बघा.

दुबईमार्गे गेलं की फार लांबचा फेरा पडतो, असंही नाही. अंतर जेमतेम चारशे किलोमीटरने वाढतं. वेळ जातो तो तिथे थांबण्यात. मात्र दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर सामान मध्येच घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी सहसा कुणी घेत नाही. वयस्कर माणसांसाठी दोन हजार रुपये जास्त गेले तरी चालतील, पण तिकीट एकच काढा.