पुण्याचे पोलीस आयुक्त व्हायचे आहे, त्यांच्यासाठी

निवृत्तीनंतर मी आठवड्यातून एकदा नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत जातो. तिथली मुले-मुली पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढून येतात, दिवसभर वाचतात आणि संध्याकाळी मेसला जाण्याआधी तासभर माझ्याशी बोलतात. गेल्या महिन्यात लातूरकडच्या एका मुलीने विचारले, "सर, पुण्याचं पोलीस आयुक्त व्हायचं असेल, तर सुरुवात नेमकी कुठून करायची?" प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तरही सरळ द्यायला हवे होते. मी स्वतः आयुक्त झालेलो नाही. उपनिरीक्षक म्हणून खात्यात आलो आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून ५८व्या वर्षी निवृत्त झालो. परंतु नोकरीतली बरीच वर्षे पुण्यात गेली आणि ती खुर्ची व तिथवर पोहोचलेली माणसे मला जवळून पाहायला मिळाली.

पहिली गोष्ट वयाच्या गणिताची आहे, कारण तीच कोणी वेळेवर सांगत नाही. पुणे शहराचे आयुक्तपद सध्या अपर पोलीस महासंचालक दर्जाचे आहे. राज्यातील काही लहान आयुक्तालयांत विशेष पोलीस महानिरीक्षक दर्जाचा अधिकारी आयुक्त असतो, पुण्यात तसे नाही. भारतीय पोलीस सेवेत अपर महासंचालक होण्यासाठी साधारण २५ वर्षांची सेवा लागते आणि निवृत्ती ६०व्या वर्षी होते. म्हणजे २५व्या वर्षी सेवेत आलेल्या अधिकाऱ्याच्या हाती पन्नाशीनंतर दहा वर्षे उरतात, तर वयोमर्यादेच्या काठावर, ३२व्या वर्षी निवड झालेल्याला तो दर्जा मिळेपर्यंत निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आलेली असते.

राज्यसेवेतून, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून, उपअधीक्षक झालेल्यांना पुढे पदोन्नतीने भारतीय पोलीस सेवा मिळते आणि त्यांतील अनेक जण उत्तम पोलीस अधीक्षक व उपायुक्त होतात. मात्र पदोन्नतीत इतकी वर्षे निघून जातात की अपर महासंचालकपदापर्यंत पोहोचणे फार अवघड असते. माझ्यासारखे उपनिरीक्षक पुढे सहायक निरीक्षक, निरीक्षक आणि मग सहायक आयुक्त होतात. तिथवर पोहोचलो तरी आम्ही समाधानी असतो. माझ्या तरुणपणी एका क्लासमध्ये मला सांगितले गेले होते, की आधी मिळेल त्या परीक्षेतून खात्यात शिरा, वर जाण्याचे नंतर पाहता येईल. त्या सल्ल्यावर विसंबून केंद्रीय परीक्षेचा नाद सोडला, याची खंत मला आजही आहे. नोकरीविषयी खंत नाही. निवड डोळे उघडे ठेवून केली नाही, याची आहे.

म्हणून आयुक्तपद हेच ध्येय असेल, तर केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा हाच खरा रस्ता आहे. खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षांपर्यंत सहा संधी मिळतात, इतर मागास प्रवर्गाला ३५ वर्षांपर्यंत नऊ. मुख्य परीक्षा मराठीतून देता येते. पोलीस सेवेसाठी उंचीची अट मात्र आहे: पुरुषांना १६५ आणि महिलांना १५० सेंटिमीटर, अनुसूचित जमातींना व काही इतर गटांना त्यात सवलत. तीन वर्षे अभ्यास करून वैद्यकीय तपासणीत अडकलेला एक मुलगा मी पाहिला आहे. त्याच्यावर ती वेळ येऊ द्यायला नको होती. उंची पहिल्याच दिवशी मोजता येते.

निवड झाल्यावर मसुरीला पायाभूत प्रशिक्षण, मग हैदराबादची सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमी आणि मधल्या काळात जिल्ह्यातील प्रत्यक्ष प्रशिक्षण. या प्रशिक्षणात काही काळ पोलीस ठाणे स्वतः चालवावे लागते. माझ्या मते संपूर्ण कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा काळ हाच असतो. स्टेशन डायरी, मुद्देमालाची खोली, रात्रीची गस्त आणि फिर्याद घेताना रडणाऱ्या बाईसमोर पेन खाली ठेवून आधी पाण्याचा ग्लास पुढे करणारा ठाणे अंमलदार, हे सारे त्याच वेळी मन लावून पाहिलेले अधिकारी पुढे वेगळे ओळखू येतात. नंतर उपविभाग, जिल्ह्याचे अधीक्षकपद किंवा शहरातले परिमंडळ, अपर आयुक्त आणि सह आयुक्त असा प्रवास होतो. मधे प्रतिनियुक्ती, प्रशिक्षण संस्था आणि राज्य राखीव दलही येते.

आता त्या खुर्चीतल्या कामाविषयी. पुण्याचे आयुक्तालय १९६५ साली स्थापन झाले; २०१८ साली पिंपरी-चिंचवड वेगळे झाले. जिल्ह्यात दंडाधिकाऱ्याचे अधिकार जिल्हाधिकाऱ्याकडे असतात, तर आयुक्तालयात त्यांतले बरेचसे पोलिसांकडेच असतात. जमावबंदी, तडीपारी आणि धोकादायक कृत्यांना आळा घालणाऱ्या १९८१च्या कायद्याखालची स्थानबद्धता, जिला आम्ही सारे 'एमपीडीए' म्हणतो, हे आदेश पोलीस अधिकाऱ्यांच्या सहीने निघतात. स्थानबद्धतेचा आदेश तर आयुक्त स्वतः काढतात आणि त्याने माणूस खटल्याविना एक वर्षापर्यंत तुरुंगात राहू शकतो. बारा दिवसांत शासनाची मान्यता मिळाली नाही, तर तो आदेश आपोआप संपतो.

मी निरीक्षक असताना माझ्या हद्दीतील एका गुंडाचा असा प्रस्ताव पाठवला होता. दुकानदार उघडपणे बोलायला तयार नव्हते, म्हणून दोघांचे गोपनीय जबाब घेतले होते आणि सहायक आयुक्तांनी त्यांची पडताळणी केली होती. फाइल जाड झाली होती. मला आयुक्तांसमोर बोलावणे आले, तेव्हा ते एकेक पान उलटत होते, आणि मी उभाच होतो. एका जुन्या फिर्यादीच्या छायाप्रतीवर ते थांबले, ते पान माझ्याकडे सरकवले आणि म्हणाले, "हे वाचून दाखवा." कागद काळवंडलेला होता, खालच्या तीन ओळी मला लागल्याच नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "तुम्हाला वाचता येत नाही, तर ज्याला आपण कोंडणार आहोत तो याच्याविरुद्ध दाद कशी मागणार?" प्रस्ताव परत आला आणि स्वच्छ प्रती लावून पुन्हा गेला. वाचता न येणाऱ्या प्रती दिल्या म्हणून न्यायालयांनी असे आदेश रद्द केलेले आहेत, हे मला ठाऊक होते, तरीही मी ते पान तसेच पाठवले होते. त्या दिवशी मला कळले, की आयुक्ताची सही म्हणजे खालच्या सर्वांचा निष्काळजीपणा थांबण्याची शेवटची जागा आहे. ही सवय आयुक्त झाल्यावर लागत नाही. ती उपविभागातल्या पहिल्या फायलीपासूनच लावून घ्यावी लागते.

कार्यकाळाचेही सांगायला हवे. २००६ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यात दोन वर्षांच्या सर्वसाधारण कार्यकाळाची तरतूद आली, पण मुदतपूर्व बदलीची वाटही त्यात आहेच. मुलांच्या शाळा आणि जोडीदाराची नोकरी यांची ओढाताण ठरलेली आहे. घरच्यांशी त्याविषयी आधीच बोलावे. मुलींना मी एवढे आवर्जून सांगतो, की मीरां बोरवणकर आणि रश्मी शुक्ला या दोघींनी पुण्याचे आयुक्तपद सांभाळलेले आहे, तेव्हा ही खुर्ची आपल्यासाठी आहे का, हा प्रश्न आता विचारूच नये.

विसर्जनाच्या बंदोबस्ताला मी अनेक वर्षे बेलबाग चौकात उभा राहिलो आहे. एका वर्षी नवे आलेले तरुण उपायुक्त हातात लहानशी वही घेऊन रात्रभर तिथे होते आणि दोन मंडळांमधले अंतर किती मिनिटांचे पडते, ते लिहून ठेवत होते. पहाटेपर्यंत त्यांच्या लक्षात आले, की मिरवणूक मंडळांच्या संख्येमुळे जेवढी रखडते, त्याहून अधिक ढोल-ताशा पथके चौकात रिंगण धरतात त्यामुळे रखडते. पुढच्या वर्षी त्यांनी पथकांच्या प्रमुखांना महिनाभर आधी चहाला बोलावले आणि दंडुका न उगारता बरेच काही मार्गी लावले. लातूरच्या त्या मुलीला मी यंदा 'पोलीस मित्र', म्हणजे बंदोबस्तातली स्वयंसेवक, म्हणून नाव नोंदवायला सांगितले आहे. बारा तास दोर धरून उभे राहायचे आणि सोबत वही न्यायची, एवढेच.