सिंगापूरला आठ तासांचा हॉल्ट आहे? मग बाहेर पडा आणि जेवून या

कोथरूडला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. आमच्या गिऱ्हाइकांपैकी बऱ्याच जणांची मुलं ऑस्ट्रेलियात. तिकडे निघालेले आई-वडील दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेतात आणि पैसे देताना हळूच विचारतात, "सिंगापूरला आठ तास आहेत, काय करायचं हो?" बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं की विमानतळावर बसायचं आणि दशमी खायची. दशमी माझीच, तरी मला हे पटत नाही. माझा मुलगा सिडनीला असतो, त्यामुळे ही वाट माझ्या पायाखालची आहे.

आधी कागदपत्रं. भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो. पण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान, जर्मनी किंवा स्वित्झर्लंडचा चालू व्हिसा आणि पुढचं पक्कं तिकीट असेल, तर ९६ तासांपर्यंत बिनव्हिसा बाहेर पडता येतं. सिंगल एंट्री व्हिसाच्या अटी वेगळ्या आहेत, म्हणून तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर एकदा वाचून घ्या. शेवटचा शब्द काउंटरवरच्या अधिकाऱ्याचा. एसजी अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. ते फुकट असतं, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

आता वेळेचा हिशोब. आठ तास कागदावर असतात. विमानातून उतरून बाहेर पडेपर्यंत तास जातो, पुढच्या विमानाआधी अडीच तास परत यायचं, जाऊन-येऊन दीड तास. उरले तीन. तीन तासांत चार प्रसिद्ध ठिकाणांची यादी घेऊन निघालात तर नुसती मेट्रो बघून याल. एकच हॉकर सेंटर निवडायचं आणि तिथेच ठाण मांडून बसायचं. हॉल्ट पाच तासांपेक्षा कमी असेल तर बाहेर पडूच नका, आतल्या फूडकोर्टात कॉफी प्या. तो प्रसिद्ध धबधब्याचा 'ज्युएल' मॉलसुद्धा इमिग्रेशनच्या बाहेर आहे, हे अनेकांना तिथे गेल्यावर कळतं.

हॉकर सेंटर म्हणजे एका छपराखाली शंभरेक छोटे स्टॉल, मध्ये बाकं आणि टेबलं. पूर्वी हे सगळे रस्त्यावरचे ठेलेवाले. १९७० आणि ८०च्या दशकांत सरकारने त्यांना नळ, गटार आणि छप्पर असलेल्या जागा बांधून दिल्या. २०२० साली युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की वडापाववाला कढई उचलून पळतो, तेव्हा मला हटकून हे आठवतं.

मुंबईहून रात्री निघालेलं विमान तिथे सकाळी पोचतं. घड्याळ अडीच तास पुढे करायचं. टर्मिनल दोन आणि तीनच्या खाली मेट्रो आहे. वेगळं तिकीट काढायला नको, परदेशात चालणारं, टॅप करायचं बँकेचं कार्ड (व्हिसा किंवा मास्टरकार्ड) दारावर टेकवलं की झालं. पहिल्याच स्टेशनवर, एक्स्पोला, उतरून डाउनटाउन लाइन पकडा आणि लिटल इंडियाला उतरा. स्टेशनला लागूनच टेक्का सेंटर नावाचं हॉकर सेंटर. जोडप्यातला एक जण शाकाहारी असेल तर दुसरीकडे जाऊ नका. आमचे 'हे' कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात सोडतात, पण टेक्काला पोटभर जेवतात.

"लिटल इंडियात जाऊन डोसाच खायचा?" असं विचारून लोक नाक मुरडतात. डोसा नका खाऊ. पराठ्यासारखा 'प्राता' खा. ही दक्षिण भारतातून गेलेली पोळी तिथे इतकी मुरली आहे की चिनी, मलय सगळे सकाळी तीच खातात. करणारा माणूस तेलात माखलेला गोळा हातावर थापतो, टोक धरून हवेत फिरवतो, ओट्यावर आपटतो, असं करत तो इतका पातळ होतो की खालचा स्टीलचा ओटा दिसतो. मग चारी बाजूंनी घडी आणि तव्यावर. मी तासाला किती पोळ्या होतात ते बघणारी बाई, त्याच्या हाताकडे बघत उभीच राहते. साधा हवा असेल तर 'कोसोंग' म्हणायचं. सोबत येणारी आमटी बहुतेक माशाची किंवा मटणाची असते, म्हणून शाकाहारी लोकांनी आधीच 'डाल' सांगायचं. तवा मात्र एकच, अंड्याचा प्राताही त्यावरच. तेवढं चालत नसेल तर 'पुटु मायम' मागा, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, वर ओलं खोबरं आणि साखर.

स्टॉल कसा ओळखायचा? धंद्यातली बाई म्हणून सांगते, पाटीवर जितके कमी पदार्थ तितका स्टॉल चांगला. चाळीस फोटो लावलेल्याला सोडून द्या. एकच पदार्थ वर्षानुवर्षं करणारा माणूस मोजून माल करतो आणि दुपारी दोनपर्यंत संपवून घरी जातो. म्हणून सकाळी जायचं. सोमवार-मंगळवारी बरेच स्टॉल बंद असतात.

मांसाहारी दोघं असाल तर त्याच मेट्रोने, लिटल इंडियाच्या आधी येणाऱ्या चायनाटाउनला उतरून दहा मिनिटं चालत मॅक्सवेल फूड सेंटरला जा आणि हैनानी चिकन राइस घ्या. फिकट उकडलेली कोंबडी बघून आपल्याला वाटतं, हे काय आजाऱ्याचं जेवण! आधी नुसता भात खा. कोंबडीच्या चरबीत आलं-लसूण परतून, तिच्याच पाण्यात शिजवलेला असतो, दाणा सुटा आणि प्रत्येक दाण्याला चव. मग मिरचीची लाल चटणी, वाटलेलं आलं आणि दाट काळा सोया सॉस. कोंबडी सगळ्यात शेवटी. दोघांत एकच प्लेट घ्या, म्हणजे दुसऱ्या स्टॉलला पोटात जागा उरते.

शाकाहारींनी काही गोष्टी पाठच कराव्यात. 'सांबल' चटणीत बहुधा वाळवलेल्या कोळंबीचा 'बेलाचान' असतो. नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, त्यावर बारीक सुके मासे टाकतात. लाक्सा नावाच्या नूडल्सच्या रश्शात सुकी कोळंबी, 'चार क्वे तिआव' नावाच्या नूडल्समध्ये डुकराची चरबी. 'कॅरट केक' नावाला फसू नका, तो मुळ्याचा असतो आणि त्यात अंडं असतं. काया टोस्टमधला जॅमही अंड्याचाच. 'व्हेजिटेरियन' अशी पाटी असलेला चिनी स्टॉल मिळाला तर तिथे बी हून, म्हणजे तांदळाच्या शेवया, बेधडक खा. फक्त ताटात मटणासारखं दिसणारं काही आलं तर घाबरू नका, ते सोयाचं किंवा गव्हाच्या सत्त्वाचं असतं.

कॉफीला 'कोपी' म्हणतात आणि ती नुसती मागितली तर कंडेन्स्ड मिल्कची, गोडमिट्ट येते. तळाशी दुधाचा पांढरा थर असतो, चमच्याने आपणच ढवळायचा. कमी गोड हवी तर 'सिउ दाइ', बिनदुधाची 'कोपी-ओ', दूध-साखर दोन्ही नको तर 'कोपी-ओ कोसोंग'. मधुमेहवाल्यांनी हे शेवटचं लिहूनच न्यावं. चहाला 'तेह' म्हणतात, आल्याचा 'तेह हालिया' मिळतो आणि तो आपल्या माणसाला लगेच मानवतो.

बसायच्या जागेची एक गंमत आहे. रिकाम्या टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट पडलेलं दिसलं तर कुणी विसरलेलं नाही, ते टेबल धरलेलं आहे. आपणही असंच धरायचं. रुमाल तसेही जवळ हवेतच, स्टॉलवाले देत नाहीत. जेवण झालं की ट्रे स्वतः उचलून ठेवायचा, न ठेवला तर दंडाचा कायदा आहे. हलालच्या ट्रेची मांडणी वेगळी असते, पाटी बघून ठेवा. पुष्कळ स्टॉलवर आपली कार्डं चालत नाहीत, वीस-तीस डॉलर सुट्या नोटांत ठेवा, दोघांना पुरून उरतात.

हॉल्ट संध्याकाळचा असेल तर 'लाउ पा सात' या हॉकर सेंटरला जा. जुनं बिडाच्या खांबांचं मार्केट, आणि सातनंतर शेजारचा बून टॅट रस्ता गाड्यांना बंद करून कोळशाच्या शेगड्या मांडतात. साते, म्हणजे काडीवर भाजलेलं मांस, शेंगदाण्याच्या दाट चटणीबरोबर. शाकाहाऱ्याला तिथे नुसता धूर मिळतो, त्याला नेऊ नका.

परत जाताना मेट्रोत काही खायचं-प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, दंड पाचशे डॉलरपर्यंत आहे. गोड राहिलं असेल तर विमानतळावर बेंगावान सोलो नावाच्या दुकानात 'कुए दादर' घ्या. 'पानदान' नावाच्या सुगंधी पानाच्या हिरव्या धिरड्यात खोबरं आणि ताडगूळ. एक घास खाल्लात की उकडीच्या मोदकाच्या सारणाचीच आठवण येईल. तो दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, म्हणून मुलांसाठी बांधून न्यायच्या भानगडीत पडू नका, गेटवर बसून संपवा. बाकी जे काही खाण्याचं सोबत असेल ते ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या कार्डावर लिहून द्या, लपवलेलं सापडलं तर दंड जबर आहे.