फणसाचा बुडखा सरपणात घालू नका

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतले दोन फणस आडवे झाले आणि तिसरा घरावर कलला. पहिला मी महिन्याभरात देऊन टाकला. कौलं उडालेली, पावसाळा सुरू झालेला, आणि दारात टेम्पो घेऊन आलेला माणूस म्हणाला, "वैनी, पडलेल्या झाडाला कोण विचारतो? चार हजार घ्या." घेतले. बुडखा त्याने वर फुकट नेला. अंगण साफ करून दिलं म्हणून चहाही प्याला.

दीड वर्षाने दापोलीजवळच्या एका होमस्टेत टेबल पाहिलं. पिवळ्या-तांबूस लाकडात मधोमध मोरपिसासारखी नक्षी उमटलेली. माझे वडील सुतार, त्यामुळे ते फणसाचं बेचकं आहे हे लांबूनच कळलं. आमच्याच झाडाचं होतं असं नाही म्हणत मी, पण त्या रात्री झोप लागली नाही. उरलेले दोन फणस मग शिकून, विचारून विकले.

लाकडात नक्षी कुठे सापडते ते आधी समजून घ्या. सरळ खोडात लाकडाचे दोरे, म्हणजे तंतू, सरळच असतात, त्याच्या फळ्या चांगल्या निघतात पण साध्या. जिथे खोडाला दोन फांद्या फुटतात त्या बेचक्यात दोरे एकमेकांत दाबले जातात, तिथे पिसं उमटतात. खोड जमिनीत शिरताना जिथे रुंदावतं, तिथे दोरे मुळांकडे वळताना लाटा होतात. जुन्या गाठीत डोळे निघतात. म्हणजे पैसा आहे तो बेचक्यात आणि जमिनीलगतच्या तीन फुटांत. आपण नेमकं काय करतो? जमिनीपासून हातभर वर करवत लावतो, बुडखा कुजायला सोडतो आणि बेचकं सरपणासाठी फोडतो.

माझा भाचा श्रीनगरला फौजेत होता. तिकडून त्याने अक्रोडाची कोरीव पेटी आणली. तिथले कारागीर म्हणे मुळाजवळचं लाकूड सगळ्यात गडद आणि नक्षीदार म्हणून वेगळं ठेवतात, फांदीचं सगळ्यात फिकं. अक्रोड तोडताना बुडखा जमिनीत सोडत नाहीत, खणून काढतात. आपल्याकडे अक्रोड नाही, पण फणस, शिसव, ऐन आहेत. रीत तीच.

कोयता हातात घेण्याआधी कागद. महाराष्ट्रात १९६४ चा झाडतोड नियमनाचा कायदा आहे आणि त्याच्या यादीत फणस, आंबा, साग, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ सगळे आहेत. झाड आपल्या जागेत आहे, वादळाने पडलंय, म्हणून काही लागत नाही असं समजू नका. सातबारा घेऊन वनखात्याच्या कार्यालयात जा, तोडीची परवानगी आणि रस्त्यावरून लाकूड न्यायला पास, दोन्ही विचारा आणि जे सांगतील ते लेखी घ्या. सावंतवाडी-दोडामार्गाकडे असाल तर तिथे न्यायालयाच्या बंदीचा विषय आहे, आधी तो बघा. पण खरी गंमत सातबाऱ्यावरच असते. आमच्यावर अकरा नावं, त्यातली सात मुंबईत. सगळ्यांच्या संमतीला मला गणपती ते होळी एवढा वेळ लागला. एक चुलतदीर सही देईनात, कारण लहानपणी ते त्या फणसावर चढायचे! शेवटी त्यांना देव्हाऱ्यापुरतं लाकूड कबूल केलं.

मग झाड तपासा. हातोड्याने बुंध्यावर चारी बाजूंनी ठोका. भोपळ्यासारखा आवाज आला तर आत पोकळ आहे, आणि म्हाताऱ्या फणसाचं ते नेहमीचंच. शंका असेल तर बारीक ड्रिल मारून भुसा बघा. पिवळा, कोरडा आला तर बरं. काळपट, ओला आला तर नक्षीची आशा सोडा. त्यानंतर तळहाताएवढी साल काढून खालच्या लाकडावरून बोट फिरवा. कपडे घासायच्या फळीसारख्या लाटा लागल्या तर आतही नक्षी असण्याचा संभव बराच. गुळगुळीत लागलं तर गिऱ्हाइकाला भलती स्वप्नं दाखवू नका. अंगणातल्या झाडात खिळे असतातच: झोपाळ्याचे, दोरीचे, दिव्याचे. आमच्या फणसात सालीआड गेलेले चार निघाले. वखारवाल्याचं पातं एका खिळ्याने जातं आणि मग तो आपलं झाड पुन्हा घेत नाही.

आता बुडखा काढणं. उभं झाड आधी कापलंत तर बुडखा उपसायला काही उरत नाही, दिवसभर टिकाव मारत बसा. आम्ही कलत्या फणसाला आधी वरच्या फांद्या उतरवून हलकं केलं, पाडायच्या, म्हणजे घराच्या उलट बाजूला दोर आणि चेन पुली लावली. बुंध्यापासून तीन फुटांवर गोल चर खणला आणि आडवी मुळं एकेक तोडली. ओढलं तेव्हा झाडाच्या वजनानेच बुडखा वर आला. घरावर कललेलं झाड मात्र जाणत्या माणसाशिवाय हात लावायचं नाही. आम्ही घर रिकामं केलं होतं, म्हैससुद्धा शेजारी बांधली होती.

वादळाने पाडलेल्या झाडात हे काम फुकटात झालेलं असतं, पण धोका वेगळा. मुळांचा उभा राहिलेला गड्डा खोडाच्या वजनाने तोललेला असतो. खोड कापलं की तो झटक्यात खड्ड्यात परत बसतो. खड्ड्यात पोर असलं, कुत्रं असलं, तर संपलं. आधी गड्ड्याला टेकू द्या, मागे कुणी नाही ना बघा, मगच कटर (चेनची करवत) लावा. आणि कापताना मुळांपासून निदान तीन-चार फूट खोड बुडख्यालाच राहू द्या. बेचक्यालाही खाली-वर दोन-दोन फूट सोडा.

जांभा दगडाचे खडे मुळांत रुतलेले असतात. पंपाच्या धारेने बुडखा धुवून काढा, खडे पहारीने उचका, नाहीतर कटरची चेन दहा मिनिटांत बोथट. चीक पात्याला चिकटतो, त्याला रॉकेल लावतात.

कापलेल्या तोंडांना त्याच दिवशी मेण किंवा जाड ऑइलपेंट फासा. वडील शेण लिंपायचे, तेही चालतं. उघडं तोंड भराभर सुकतं आणि तडकतं. बुडखा अखंड ठेवू नका. गाभ्यातून उभा चिरून दोन करा, म्हणजे ताण सुटतो. बेचकं चिरताना दोन्ही फांद्यांच्या मधोमध जाणारी रेघ खडूने काढून द्या. वखारीतल्या माणसाने आडवं फिरवलं तर पिसाऐवजी नुसता ठिपका मिळतो. फळ्या दोन इंचांच्या आत नकोत, नक्षीचं लाकूड सुकताना वळतं.

सुकवायला इंचाला एक वर्ष धरा, आणि आपला पावसाळा त्यात मोजू नका. उन्हात तर नाहीच. मांगरात, म्हणजे वाडीतल्या खोपटात, वाऱ्याच्या बाजूला, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी लावा, पट्ट्या एकाखाली एक, वर चार चिरे ठेवा. सालीलगतचा पांढरा भाग भुंगा खातो, पिवळ्या गाभ्याला सहसा हात लावत नाही.

विकताना गोलाईचा हिशेब, म्हणजे घेरावरून घनफूट काढायची व्यापाऱ्यांची रीत, स्वतः करा. दोरीने घेर इंचांत मोजा, चाराने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, लांबीच्या फुटांनी गुणा, १४४ ने भागा. ७२ इंच घेर, आठ फूट लांबी: १८ घनफूट. खऱ्या गणिताने तेच लाकूड २२.९ भरतं, म्हणजे पाचव्या भागाहून जास्त व्यापाऱ्याच्या पदरात आधीच गेलेलं. रीत म्हणून ते मान्य करा, पण वर "साल वजा, वाक वजा" ऐकून घेऊ नका. बुडखा आणि बेचकं या गोलाईत मोजूच द्यायचं नाही. ते नगावर विकायचं, चिरून, पाणी मारून, सकाळच्या तिरप्या उन्हात दाखवून. कोरड्या फळीवर नक्षी झोपलेली असते. गिऱ्हाईक म्हणजे देवघरं करणारे सुतार, होमस्टेवाले, मृदंगाचं खोड शोधणारे. विसार घेतल्याशिवाय फळी राखून ठेवू नका.

माझ्या कलत्या फणसाच्या बेचक्याच्या दोन फळ्या गेल्या, त्या एकट्या पहिल्या अख्ख्या झाडापेक्षा जास्त देऊन गेल्या. बुडख्याचा एक अर्धा अजून मांगरात आहे, वर खडूने तारीख लिहिलेली. परवा एक जण मागून गेला. म्हटलं, शिमगा होऊ दे, मग या.